निर्भेळ थेंब

रविवारी दुपारी चिमी प्रयोगशाळेत गेली ती थोडंसंच राहिलेलं काम उरकायला. आईला भरवून, कुशीवर वळवून ती निघाली होती. मेंदूत रक्ताची गुठळी अडकल्यापासून आईचं उजवं अंग लुळं पडलं होतं, आणि तेव्हापासून चिमीनं एकच ध्यास घेतला होता: गुठळी विरघळवणारं औषध.

जिवाणू तिला दादानं दिला होता. दादा सर्जन. त्याच्या वॉर्डात एक बाई आली होती. पायाला साधी जखम, पण रक्त काही केल्या थांबेना. ती गेली. तिच्या जखमेतला जिवाणू असं एन्झाइम सोडत होता की गोठलेल्या रक्ताचं बघता बघता पाणी व्हावं. ते बाकीच्या गाळापासून वेगळं काढायचं, हे चिमीचं काम. उबेत ते फार वेळ टिकायचं नाही, म्हणून सगळा खटाटोप थंड खोलीत.

इमारतीत चिटपाखरू नव्हतं. स्वेटर चढवून ती आत शिरली. जाड दार मागं आपोआप मिटलं. उंच काचनळीतून थेंब पडत होते... टप्... टप्. आज शेवटची गाळणी. आज पहिल्यांदाच ते निर्भेळ निघणार होतं.

एवढ्या गारठ्यात कशालाच वास येत नाही. आज येत होता. ओल्या बँडेजचा.

मग पंख्याची घरघर थांबली.

"थांबत नाहीये हो..."

बाईचा आवाज. थकलेला, अगदी कानाशी. चिमीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळावं, तर नळीतला माल जाणार, सगळी मेहनत मातीत. तिनं दात आवळले आणि कुपी थेंबाखाली धरून ठेवली.

"कोण... कोण आहे?"

"दाबून धरा ना..."

कुपी भरली तशी ती धडपडत बाहेर आली. चाचणीसाठी पसरट बशीत गोठू दिलेल्या रक्तावर मधोमध एक थेंब सोडला, झाकण चिकटपट्टीनं बंद केलं, बशी उबेच्या पेटीत ठेवली आणि दादाला फोन लावला.

"दादा, ती बाई... शेवटी काय म्हणत होती रे?"



"दाबून धरा म्हणत होती. धरलं होतं गं मी, दोन्ही हातांनी... चिमे, तू बाहेर जाऊन थांब. मी येतोय."

तो आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. दोघं मिळूनच आत गेले. दादानं पेटीतून बशी काढली, उजेडाकडे धरली. मधोमध स्वच्छ, गोल भोक पडलं होतं.

"जमलं की गं तुला!"

चिमीचे डोळे भरून आले. पण दादा बशी आणखी जवळ घेऊन निरखत होता.

"किती थेंब टाकलेस?"

"एकच. का?"

बशीच्या कडेला आणखी भोकं होती. चार शेजारी शेजारी, पाचवं जरा खाली, अंगठ्याच्या जागी. चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

दोघं बघत होते, आणि समोरच्या कडेला सहावं भोक हळूहळू उमटू लागलं.