ती झोपलीये, उठवणार नाही

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. घातला असता, तर निदान गोष्ट समजण्यासारखी तरी झाली असती.

हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांदेखत. आणि रात्रीबित्री नाही... भर दुपारी, लख्ख उजेडात.

ती विमा कंपनीत नोकरीला होती. सत्ताविसाव्या वर्षी एक दिवस राजीनामा देऊन आली आणि म्हणाली, आता मी फक्त लिहिणार. मावशीने आठवडाभर अबोला धरला. मग स्वतःच जाऊन तिला नवा कुकर घेऊन दिला.

तिने तिसऱ्या मजल्यावर जागा भाड्याने घेतली. एक खोली, स्वयंपाकघर, मागच्या बाजूला चिंचोळी गॅलरी. तळमजल्यावर घरमालक काका-काकू. काका घड्याळं दुरुस्त करायचे.

पहिले दोन महिने नुसत्या धांदलीत गेले. एकटीने राहायची सवय नाही. लिहायला बसली की दूध उतू जायचं. एका लाल टॉवेलने तिचे सगळे पांढरे कपडे गुलाबी करून ठेवले. किल्ली आत आणि आपण बाहेर, असं तीनदा झालं. चार कथा पाठवल्या, चारही परत आल्या. फोनवर मला हे सगळं ती हसत हसत सांगायची.

तो मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले होते.

ती वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेली, आणि वाऱ्याने दार धाडकन आपटलं. त्या दाराची आतली कडी सैल होती. दार आपटल्याबरोबर ती खाली पडली आणि कोयंड्यात जाऊन बसली.

फोन आत.

आणि गॅसवर बटाटे उकडत ठेवलेले.

तिने धक्के मारले. हाका मारल्या. खाली गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या बंद. पंधरा-वीस मिनिटं गेली. पातेल्यातलं पाणी आटलं असणार, कारण करपल्याचा वास यायला लागला. मग दाराच्या फटीतून धूर...

आणि आतून आवाज आला.

टक्.

गॅसचं बटण बंद केल्याचा.

पाठोपाठ पावलं. अनवाणी, सावकाश. स्वयंपाकघरातून खोलीत... खोलीतून गॅलरीच्या दारापर्यंत.

कडी वर झाली.

तिचा जीव भांड्यात पडला. काकूंकडे दुसरी किल्ली असायची. "बरं झालं काकू, तुम्ही आलात," म्हणत ती आत शिरली.

आत कुणीच नव्हतं.

गॅस बंद होता. पातेलं खाली उतरवून ठेवलेलं होतं. आणि बाहेरच्या दाराला आतून कडी होती... तिनेच सकाळी लावलेली.

ती धावत खाली गेली. काकू गुडघा शेकत बसल्या होत्या. जेवण झाल्यापासून जागच्या हललेल्या नव्हत्या.

संध्याकाळी तिने मला फोन केला. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, फुकटात मदतनीस मिळालीये, पगार मागत नाही तोवर ठेव.

त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

कारण त्यानंतर तिने मला काही सांगणंच बंद केलं. वाहता राहिलेला नळ बाजारातून येईपर्यंत बंद झालेला असायचा. टेबलावर डोकं ठेवून झोप लागायची, आणि जाग यायची तेव्हा अंगावर चादर असायची. आपणच घेतली असेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची. पण खोलीत पाठमोरी बसणं तिने सोडून दिलं होतं. टेबल ओढून तिने भिंतीशी नेलं, आणि भिंतीला टेकूनच ती लिहायची.

महिनाभराने तो गुरुवार उजाडला.

सकाळी ती वह्या आणायला बाहेर पडली आणि फोन घरीच विसरली. दीड वाजता परतली. कुलूप काढतेय तोच आत फोन वाजायला लागला. धावत जाऊन तिने उचलला.

एका मासिकाच्या संपादकबाई बोलत होत्या. तिची कथा त्यांना आवडली होती. पुढच्या अंकात घेणार होत्या.

पहिली कथा! ती नुसतीच हो, हो म्हणत राहिली.

मग बाई सहज म्हणाल्या, "सकाळीही केला होता मी फोन. तुमच्या आईंशी बोलणं झालं."

"कुणाशी?"

"त्यांनीच उचलला ना. म्हणाल्या, ती झोपलीये, उठवणार नाही."

मावशी आठ तासांच्या अंतरावर राहते.

बाई हसत पुढे सांगत होत्या, आई फार जपतात हो तुम्हाला. सारखं एकच विचारत होत्या... कथा छापून आली की ती इथून जाईल का?

तिने फोन ठेवला. आलेले फोन पाहिले. सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. बोलणं चाललं होतं चार मिनिटं.

ती खाली बसली नाही. रडलीही नाही. चार कपडे पिशवीत कोंबले, लिहीत होती ती वही घेतली, आणि बाहेरच्या दाराशी गेली. लॅच फिरवलं.

दार उघडेना.

तिने दोन्ही हातांनी ओढलं. दार तसूभरही हललं नाही. एवढ्यात तिच्या उघड्या हातांना गार झुळूक लागली. समोरून... दाराकडून.

ती मागे सरकत सरकत पार पलीकडच्या भिंतीला टेकली. तिथूनच तिने काकांना फोन लावला.

काका धापा टाकत वर आले. बाहेरून किल्ली फिरवली, ढकलून पाहिलं. मग वाकून खालच्या फटीतून पाहिलं असावं, कारण त्यांचा आवाज जमिनीजवळून आला.

"पोरी, दारापासून बाजूला हो. तू टेकून उभी राहिलीस तर मी उघडणार कसं?"

"काका, मी लांब आहे. भिंतीपाशी."



मग काका अगदी हळू म्हणाले, "मग दाराला पाठ लावून कोण उभंय? मला टाचा दिसतायत."

तिच्यासमोर पूर्ण दार होतं. कुणी नव्हतं. पण दारापुढचं पायपुसणं... दोन जागी दबलेलं होतं.

तिने मला नंतर सांगितलं, त्या क्षणी भीतीइतकीच एक दुसरी गोष्टही वाटली. आपण कुणाला तरी फसवून निघालोय, असं.

"मी परत येईन," ती दाराकडे बघत म्हणाली. "दोन दिवसांनी. नक्की येईन."

पायपुसणं हळूहळू सपाट झालं.

दार उघडलं, आणि काका तोल जाऊन आत पडता पडता वाचले.

ती थेट माझ्या घरी आली. चार दिवस तापाने फणफणली होती. परत जायचा प्रश्नच नव्हता. आठव्या दिवशी तिचं सामान आणायला मी गेले.

जिन्यात काकांनी मला शपथेवर सांगितलं, त्या जागेत कधी कुणी वारलेलं नाही. आधीचं कुटुंब नऊ वर्षं राहून हसतखेळत स्वतःच्या घरी गेलं. त्यांची काही तक्रार नव्हती. काका खोटं बोलतायत असं मला वाटलं नाही.

ते उंबऱ्याबाहेर थांबले. मी आत गेले. खोली झाडून-पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ. अंथरूण घातलेलं. चादरीचा एक कोपरा दुमडलेला, कुणी येऊन झोपणार असल्यासारखा.

मी वह्या आणि कपडे गोळा केले. कुकर राहू दिला, स्वयंपाकघरात जायची हिंमत झाली नाही. बाहेर आले आणि दार ओढायला हात पुढे केला.

दार आपलं आपण लागलं.

आपटलं नाही. आत झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून लावतात ना, तसं अलगद. मग आतून कडी सरकली.

काकांनी किल्ली खिशातच ठेवली. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेले. मीही निघणार होते, पण दाराजवळ एक क्षण रेंगाळले... आणि मग पळत सुटले.

ती जागा अजून रिकामीच आहे. काका कुणाला दाखवत नाहीत.

कथा छापून आली. ती आता मावशीकडे राहते, नोकरी करते, लिहितेही. त्या दिवशी मी सामान घेऊन घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती. पिशव्यांकडे तिने पाहिलंही नाही.

"ताई, तिने तुला विचारलं का, मी कधी येणार?"

"नाही," मी म्हटलं.

तिच्याशी मी आजवर एवढं एकच खोटं बोललेय.