परत फिरणारा कॉल

कारखान्याची टेलिफोन व्यवस्था इंटरनेटवर न्यायची होती. आवाज हाताळणारी कार्डं किती लागतील, एवढाच हिशेब इंजिनिअरला करून द्यायचा होता. एका कार्डावर सोळा वाहिन्या, एका वाहिनीवर एक कॉल. अकराच्या गर्दीत किती कॉल लागतात, किती मोकळी वाहिनी न मिळून परत फिरतात ते बघायचं आणि वर थोड्या वाहिन्या राखून ठेवायच्या.

मागच्या खेपेला त्याने त्या राखीव वाहिन्याच छाटल्या होत्या. “अगदी नेमकं बसवलंय,” असं तोऱ्यात सांगितलंही होतं. पुढे एका मंगळवारी, अकरा वाजता, घरी बायकोच्या छातीत कळ आली. दवाखान्याआधी तिला नवरा आठवला. तिने सात वेळा फोन लावला. सातही वेळा एकही वाहिनी मोकळी नव्हती.

ती जाऊन दोन वर्षं झाली.

चाचणीसाठी त्याने तीन कार्डं बसवली. एक कॉल परत फिरला. चौथं बसवलं. चौदा वाहिन्या रिकाम्या पडल्या, तरी एक कॉल फिरलाच.

“साहेब, अजून किती कोंबणार?” टेलिफोन सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. “यंत्राला अपचन होईल! फिरू दे की एखादा. गरज असेल तर करेल पुन्हा.”

“करतोय, मावशी... रोज सात वेळा.”

त्याने पडद्यावरचा नंबर दाखवला. मावशींचं हसू मावळलं.

“हा तर तुमच्या घरचा... तुम्हीच बंद करून घेतलात ना?”

त्याने एक वाहिनी फक्त त्या नंबरासाठी राखून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराला टेबलावरचा फोन वाजला. खोलीत पंख्यांची घरघर होती, तापलेल्या धुळीचा वास होता. त्याने रिसीव्हर कानाला लावला. लांब कुठेतरी नळ वाहत होता.

“अहो...”

“बोल. आहे मी... इथेच आहे.”

“अहो...”

मग तोच बोलत सुटला. त्या छाटलेल्या वाहिन्यांचं सांगितलं. तिची साडी अजून दारामागे तशीच आहे, तेही सांगितलं. माफी मागितली, पुन्हा मागितली. मधून मधून तेवढंच यायचं, “अहो...” बारा वाजता तेही थांबलं. त्याने रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

संध्याकाळी नोंदी काढायला तो बसला. कोणत्या बाजूने किती वेळ आवाज आला, हे कार्ड लिहून ठेवतं. तिकडून : एकेचाळीस मिनिटं. इकडून : शून्य.

“असं कसं?” मावशी पुटपुटल्या. “मी काचेतून बघत होते, साहेब. तुमचं तोंड क्षणभर मिटलं नव्हतं...”

रिसीव्हर जागेवरच होता. त्याने वाकून पडद्यावरची नोंद पुन्हा पाहिली. कॉल संपल्याची वेळ कोरी होती. आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिकडच्या एकेचाळीसचे बेचाळीस झाले.