तळाचं तेल

जनरेटरचं डिझेल संपलं म्हणता? मग बसा इथेच कट्ट्यावर. वॉचमन कॅन घेऊन येईपर्यंत लिफ्ट काही चालू होत नाही. मिताली, तो टॉर्च बंद कर, डोळ्यांवर येतो.

डिझेलवरून कुमार आठवला. माझ्याबरोबर रिफायनरीच्या स्टोअरला होता. खोटं बोलणाऱ्यातला नाही. मुळात बोलतोच कमी. त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. गेल्या डिसेंबरातली अठरा तारीख. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, दुसऱ्या दिवशी अमावास्या. कुमार ड्यूटीवरून सुटला आणि इथेच, नवीन पनवेलात, एका घरी कंपनीची एक वस्तू परत आणायला गेला.

वस्तू म्हणजे गॅस डिटेक्टर. पिवळा, तळहाताएवढा. आत काम करणारा प्रत्येकजण तो खिशाला अडकवतो. विषारी गॅस आला की वाजतो. आणि लावलेला माणूस बराच वेळ हलला नाही, तरी वाजतो. म्हणजे माणूस पडलाय, धावा. पडलेल्याला दोघांनी उचलायचं, एकाने उजवीकडून, एकाने डावीकडून. एकट्याने जायचं नाही, असा नियम.

हसू नकोस अपूर्व. तुझ्या खिशाला लावला तर दिवसभर वाजेल.

हा डिटेक्टर होता सत्यजीतचा. कुमारचा मित्र, ऑपरेटर. कंपनी परदेशी, देशोदेशी रिफायनऱ्या, पण काम सगळीकडे तेच. कच्चं तेल भट्टीत तापवायचं आणि उंच टॉवरमध्ये सोडायचं. हलकं असेल ते वर चढतं. माथ्यावर गॅस आणि पेट्रोल, खाली रॉकेल, त्याच्या खाली डिझेल. आपल्या बिल्डिंगसारखं, ज्याचा त्याचा मजला. जे चढूच शकत नाही ते तळाला राहतं. काळं, घट्ट. सत्यजीत त्या तळाच्या तेलावर होता. ते गरम ठेवावं लागतं, वाहतं ठेवावं लागतं. थांबलं की पाइपातच गोठतं. घरी बायको सकाळी लोळत पडली, की तो म्हणायचा, “शशिकला, ऊठ, लाइन गोठेल.” स्टोअरलाही हा विनोद सगळ्यांना पाठ.

नोव्हेंबरात तो गेला. नाइट करून घरी आला, बूटही न काढता खुर्चीत बसला, आणि बसल्या जागी गेला. डिटेक्टर गेटवर जमा करायचा राहिला होता. खिशाला तसाच घरी आला.

तर त्या गुरुवारी कुमार जिना चढत होता. दारोदारी रांगोळ्या, बायकांची हळदीकुंकवाची ये-जा. एका दारापुढे मात्र काही नाही.

“या, भाऊजी,” शशिकला म्हणाली आणि परत जाऊन सोफ्यावर बसली. समोर सत्यजीतची खुर्ची. डिटेक्टर फ्रिजवर होता. कुमारने बटण दाबून पाहिलं. स्क्रीन काळी.

“चार्जिंग कधीच संपलंय, वहिनी. महिना झाला.”

“वाजतो.”

“काय?”

“मी इथे बसून राहिले की वाजतो.” आवाज सपाट. दूधवाल्याचे खाडे सांगावेत तसा. “तेव्हाही वाजला होता, भाऊजी. मला वाटलं, दमून झोपलेत. झोपमोड नको म्हणून मी बटण दाबलं. पडदा ओढला. परत वाजला. परत दाबलं. मग पोळ्या केल्या.”

“अटॅक होता, वहिनी. डॉक्टर म्हणाले ना, तुम्ही काहीही...”

“बसा जरा.”

तो बसला. डिटेक्टर हातातच. शेजारी आरती चालली होती. ती संपली. घंटा थांबली.

शशिकला हलली नाही.

पंख्याचा आवाज... फ्रिजचा आवाज... मग तोही बंद झाला.

आणि हातातला डिटेक्टर वाजला.

स्क्रीन काळी. दिवा नाही. तरी वाजतोय. कुमारने बटण दाबलं. थांबेना. हलवला. थांबेना.

“तुमच्यासाठी नाही तो,” ती म्हणाली.

“वहिनी, उठा.”

“रोज उठते. आज नाही उठणार.”

“म्हणजे?”

“उठलं नाही की न्यायला येतात ना? आमचे हेच सांगायचे की.”

डिटेक्टर आता घाईने वाजू लागला. खोलीत वास आला. रिफायनरीतल्या गॅसचा. सडक्या अंड्यासारखा. शशिकलाची मान हळूहळू खाली जाऊ लागली... डोळे अर्धे मिटलेले...

कुमारने डिटेक्टर टाकला. तिचा उजवा दंड धरला. ओढलं. हलेना. दगड. पुन्हा ओढलं.

एकटा होता तो.

“वहिनी...”

तिची मान आणखी खाली गेली.

“वहिनी, लाइन गोठेल...”

हे आपण का बोललो, ते त्याला आजही सांगता येत नाही.

आणि ती उठली. अलगद. कुमारने जोर लावलाच नव्हता. तो म्हणतो, तिचं वजन जणू कोणीतरी वाटून घेतलं.

आवाज थांबला.

दोघं उभे. फ्रिज पुन्हा सुरू झाला. शशिकला आत गेली, गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं. कप कपाटातून काढल्याचा, विसळल्याचा आवाज आला. महिन्याभरात त्या घरात कोणाला चहा मिळाला नव्हता.

ती कप घेऊन ट्यूबलाइटखाली आली, तेव्हा कुमारला दिसलं. गाऊनच्या डाव्या बाहीवर, दंडाशी... काळं काहीतरी. पुढे चार बोटं. मागे अंगठा.

कुमारने स्वतःचे हात पाहिले. स्वच्छ. आणि त्याने धरला होता तो उजवा दंड.

ते तळाचं तेल त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं. पाइपाबाहेर आलं की बघता बघता दगड होतं. थंडीची रात्र होती. त्याने बोट लावून पाहिलं.

बोटाला चिकटलं.

गरम होतं.