आयच्या खोलीतला गारवा

२००२ सालच्या वैशाखात शेणव्याला दुपारचं कुणी बाहेर पडत नव्हतं. तरी वंदना त्या दिवशी भर उन्हात शहापूरला जाऊन मुकेश मेकॅनिकला घेऊन आली. घरातला एसी बंद पडला होता. येसूबाईला, म्हणजे वंदनाच्या आईला, उन्हाळा सोसत नाही म्हणून दादानं, रत्नदीपनं, कुवेतहून पैसे पाठवून तो बसवला होता. आता येसूबाई त्याच खोलीत पांढऱ्या चादरीखाली निजली होती. पहाटेच गेली होती. रत्नदीप विमानात होता, संध्याकाळी सातपर्यंत पोचणार होता.

मुकेशनं एसी भिंतीतून ओढून ओट्यावर आणला, उघडला आणि हात टेकले. कॉम्प्रेसर जळला होता. नवा कल्याणलाच मिळाला असता, तोही उद्या. लग्नसराईत बर्फाची एक लादी शिल्लक नव्हती. भिंतीला पडलेल्या भोकातून झळा आत यायला लागल्या. चुलते जयरामकाका घड्याळ बघत होते. माणूस वाईट नव्हे, पण अशा वेळी कुणीतरी कठोर व्हावंच लागतं.

"चारला उचलू, वंदे," ते म्हणाले. "त्याच्यापुढं नाय थांबता यायचं. वास सुटला तर तिचाच आब जाईल."

वंदनाला ते पटत होतं, हेच तर दुःख. पण पाच वर्षांत दादाला एकदाही घरी येता आलं नव्हतं. त्याला आईचं तोंडही दिसू नये? सगळे बाहेर गेल्यावर ती आईच्या कानाशी वाकली. या घरानं भुताखेतांवरच्या विश्वासाला कधीच रजा दिली होती. तरी ती बोलली.

"आये... दादा येतोय गो. तवर थांब."

मग पुठ्ठ्यानं वारा घालत बसली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, मनगटावरचा घाम सुकलाय. पायांना फरशी गार लागायला लागली. चारला जयरामकाकांनी दार लोटलं आणि उंबऱ्यातच थबकले. थंडगार झुळूक त्यांच्या अंगावर आली होती. मुकेशनं भिंतीतल्या भोकाकडं पाहिलं, ओट्यावरच्या उघड्या एसीकडं पाहिलं, आणि पाण्याचा घोटही न घेता निघून गेला. तिरडी उचलायचं कुणी बोललं नाही.

सातला रत्नदीप आला. आईचा चेहरा तसाच होता, नुकता डोळा लागल्यासारखा. तो तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला, आणि मग तिला नेलं.

येसूबाई गेली, गारवा गेला नाही. पंधरा दिवस बाहेर डांबर वितळत होतं आणि त्या खोलीत रत्नदीप गोधडी घेऊन निजत होता. वंदनाला मात्र आईची कीव यायची. आपण तिला अडकवलं, आता सोडायलाही आपणच हवं. पण स्वतःच्या आईला जा म्हणायला जीभ रेटेना. शेवटी रत्नदीप निघाला त्या सकाळी तिनं मन घट्ट केलं आणि त्यातल्या त्यात मायेचा मार्ग काढला.

"आये, हितं एकटी राहू नको. दादासंगं जा."

तो रिक्षात बसला तोवर खोली तापलीसुद्धा होती. वंदना भिंतीला टेकून हमसून हमसून रडली.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. आवाज खोल गेला होता. तिकडंही उन्हाचा कहर होता, कामगारांच्या कॅम्पातले एसी बंद पडले होते, बरोबरची माणसं गच्चीवर निजत होती. त्याला मात्र तीन कांबळी पुरत नव्हती. दवाखान्यात काही सापडत नव्हतं.

"वंदे, तू आयला काय सांगितलंस?"

तिनं सांगितलं. फोनात त्याचे दात वाजत होते.

"ती जवळच बसलीय. मी जा म्हनतो... तर अजून कुशीत घेते. तूच बोलव गो तिला परत."

वंदनानं फोनातच हाक मारली. आये, घरी ये, म्हणाली. पुनःपुन्हा म्हणाली.

मग रत्नदीप हळूच म्हणाला, "नाय म्हनते... पोराला आत्ता कुठं पोटभर बघतेय म्हनते."