आडवं उभं राहिलं तरच

बसा जनार्दनराव, चहा गार होऊ देऊ नका. मघाशी विचारलंत ना, अर्बाबची, म्हणजे आमच्या अरब मालकाची, माझ्यावर एवढी मर्जी कशी? सांगतो. सना शाळेतून यायच्या आत सांगून टाकतो, पोरीसमोर नको.

सूर गावाच्या अलीकडे अर्बाबचा मळा आहे, चारी बाजूंनी जाळी. आखातात आलो तेव्हापासून, आठ वर्षं झाली, मी तिथेच. रानातल्या हरणाला हात लावला तर थेट तुरुंग, पण मळ्यात आहेत ते अर्बाबनी विकत आणून वाढवलेले चितळ. त्यातलं म्हातारं, आजारी जनावर वर्षाकाठी एखाद-दुसरं काढावं लागतं. शेजारी घोड्यांचा तबेला, म्हणून बंदूक चालत नाही. धनुष्य वापरायचं आणि ते काम माझं. राजापूरच्या मजीदनं धनुष्य चालवावं, हसताय ना? हसा. आमची बायको, रशीदा, तर हसून हसून बेजार झाली होती.

धनुष्याचं कसं आहे, गोळीसारखा दणका नाही, बाण कापत जातो. म्हणून जनावर आडवं उभं हवं, नाहीतर जरासं पलीकडे वळलेलं, पुढचा पाय पुढे टाकलेलं. मग फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या खांद्याच्या, मागे वीतभर जागा उघडी पडते. तिथे लागलं की पन्नास-शंभर पावलांत खलास. आपल्याकडे तोंड करून उभं असेल तर मात्र नाही म्हणजे नाही. मध्ये हाड येतं आणि ते बिचारं दिवसभर तडफडतं.

हे सगळं मला ठाऊक होतं हो! तरी तीन वर्षांपूर्वी माती खाल्ली. लंगडी मादी होती एक. माझ्याकडे तोंड करून उभी. अर्बाब कानाशी घाई करत होते, "यल्ला, यल्ला!" मी बिस्मिल्ला म्हटलं आणि सोडला. लागला, पण भलतीकडेच. अशा वेळी जनावराला निवांत बसू द्यायचं असतं, मागे लागायचं नसतं. ते जवळच बसतं आणि तिथेच जातं. पण मला घाई! जिवंत असतानाच गळ्यावर सुरी फिरली पाहिजे, नाहीतर मटण हराम होईल. बिस्मिल्ला म्हणून सोडलेल्या बाणानं मेलेलं चालतं, हे मौलवींनी मागाहून सांगितलं. सुरी घेऊन धावलो, ती उठली, जाळीखालून घुसून कोरड्या नदीच्या पात्रात गेली. दोन दिवस शोधली. मिळाली नाही. रडलो मी, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर ती यायला लागली.

पहाटे समुद्राकडून धुकं आलं की. आधी वास यायचा, ओल्या घोंगडीसारखा. मग मी दोरी ताणली की माझ्या आणि सावजाच्या मधे ती... माझ्याकडे तोंड करून. हलायची नाही, पापणी लवायची नाही. बाण मातीत जायचा. चार वेळा झालं असं. कुणाला सांगणार? रशीदालाही बोललो नाही. अर्बाबला वाटलं, मजीदचा नेम गेला.

या फेब्रुवारीत एका म्हाताऱ्या नराचा जबडा सडला. चारा तोंडात घ्यायचा आणि खाली पाडायचा. डॉक्टर म्हणाले, हाल करू नका. अर्बाबनी मला बोलावलं. "मजीद, कल सुबह. नहीं हुआ तो दूसरा आदमी लाएगा. तुम खलास." माझा विसा गेला की हे अल हैलचं घर, सनाची दहावी, सगळंच बाराच्या भावात!

पहाटेची फज्रची नमाज पढून आम्ही दोघं आडोशाला बसलो. धुकं इतकं की झाडाचं नुसतं ठिबकणं ऐकू यायचं. मग दात घासल्यासारखा आवाज आला, कर्र... कर्र... नर आला. पंधरा पावलांवर थांबला. आमच्याकडे तोंड करून.

"मारो," अर्बाब कुजबुजले.

दोरी ताणली आणि तो वास आला. ती होतीच, त्याच्या पुढ्यात. नजर माझ्यावर.

"यल्ला मजीद... यल्ला..."

जनार्दनराव, आठ वर्षांत ज्या माणसाला मी कधी उलट बोललो नाही, त्याच्यासमोर मी दोरी ढिली केली. म्हटलं, "नहीं अर्बाब. आडा होगा, तब मारेगा. नहीं हुआ तो विसा कॅन्सल करो."

अर्बाब माझ्याकडे बघतच राहिले. आणि तेवढ्यात ती वळली.

तीन वर्षांत मी तिची कूस पाहिली नव्हती. ती डावीकडे सावकाश चालू लागली. नरानं मान वळवली, मग अंग वळवलं. तिच्या मागे जायला पुढचा पाय टाकला, आणि ती वीतभर जागा माझ्यासमोर उघडी झाली.

बिस्मिल्ला.

आवाज असा आलाच नाही. नर दचकला, चाळीसेक पावलं चालला आणि गुडघ्यांवर बसला. अर्बाब उठायला लागले, तर मी त्यांचं मनगट धरलं! अर्बाबचं मनगट! घड्याळ लावून अर्धा तास बसवून ठेवलं. छाती अशी भरून आली होती की त्या क्षणी सुलतानालाही मी बसवून ठेवलं असतं.

गेलो तर नर शांत पडलेला. तडफडल्याची एक खूण नाही. अर्बाबनी माझं कपाळ चुंबलं. "आज से तुम्हारा कायदा," म्हणाले. "आडा नहीं, तो तीर नहीं. मेहमान हो, चाहे मैं." तेच आजतागायत चालू आहे.

मग ते इकडे तिकडे बघायला लागले. "वो मादा किधर गया?"

म्हणजे ती त्यांनाही दिसली होती! माद्या आठवडाभर पलीकडच्या वाड्यात कुलपात होत्या. किल्ली त्यांच्याच खिशात.

ओल्या वाळूत नराचीच तेवढी पावलं होती. पण त्याच्या पाठीला लागून एक खळगा पडला होता, जनावर अंग मुडपून बसतं तसा. मी वाकून हात ठेवला. ऊबदार. अर्बाबनीही ठेवला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण हात कुणी काढला नाही. तळव्याखालची वाळू हळूहळू वर येत होती... आणि खाली बसत होती.