येऊ का?

वंदनाबाई मिक्सर दुरुस्तीला टाकून बुधवारा बाजारातून परतल्या, तेव्हा पावणेचार वाजले होते. चारला गौरवचा फोन यायचा, म्हणून त्या शेवटची गल्ली जवळजवळ पळतच आल्या. चपला कशाबशा काढल्या आणि फोन मांडीवर घेऊन ओसरीतच बसल्या.

पोरगा चीनमध्ये होता. इंदूरला चांगली नोकरी, वर्षाची सगळी सुट्टी एकदम मिळालेली. माणूस घरी येऊन आईच्या हातचं खातो की नाही? हा सात दोस्तांबरोबर नू नदीच्या खोऱ्यात सायकल चालवायला गेला. सतरा दिवस नुसती सायकल, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल हिरवी नदी. "आपल्या तापीकाठी काय रस्ते नव्हते?" असं वंदनाबाई चारचौघींत म्हणायच्या खऱ्या, पण त्याने पाठवलेले फोटो सगळ्या गल्लीला दोनदोनदा दाखवून झाले होते. गौरवचे वडील सुरेशराव गेल्यापासून घरात त्या एकट्याच. त्यांना बाकी काही नको होतं. पोरगं धडधाकट परत यावं, बस.

बोलणं संपलं की गौरव लहानपणापासून विचारायचा तसंच विचारायचा, "आई, येऊ का?" मग त्या म्हणायच्या, "ये." निघणाऱ्याने 'जातो' म्हणायचं नाही आणि निघणाऱ्याला 'जा' म्हणायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्याचे इंदूरचे दोस्त हसायचे, "यार, तू जा रहा है या आ रहा है?"

त्या दिवशी, सफरीच्या नवव्या दिवशी, गौरवचा आवाज जरा उतरलेला होता.

"आई, एक माणूस मागे येऊन राहिला. तीन दिवस झाले. काळी, जुनी सायकल आहे. आम्ही थांबलो की तो पण थांबतो. जवळ काही येत नाही."

"असंल कोणी गावचा."

"असेल. पर सुन ना... तो आमचं बोलणं शिकून राहिला. काल मागून 'चलो यार' ऐकू आलं. आणि आज... आज तो 'आई' म्हणाला."

फोनमध्ये खट् असा आवाज झाला. सायकल स्टँडवर चढवल्याचा.

"स्टँड लावला का रे?"

"आमच्या एकाही सायकलला स्टँड नाही, आई."

दुसऱ्या दिवशी फोन साडेतीनलाच वाजला. वंदनाबाईंचे हात कणकेत होते. त्यांनी कोपराने बटण दाबलं. चित्र नव्हतं, नुसता वारा आणि पाण्याची घरघर. मग गौरवचा आवाज आला, "आई, येऊ का?"

एवढंच? त्यांना जरा रागच आला. पण जीभ सवयीची गुलाम. "ये बाळा. जपून."

फोन बंद झाला. बरोबर चारला पुन्हा वाजला.

"आत्ताच तर बोललास!"

"मी? मोबाईल तर बॅगमध्ये होता, आई. आणि ऐक ना, तो माणूस आज दिसलाच नाही. सुबह से गायब है. सुटलो एकदाचे!"

आपण कुणाला काय म्हणून बसलो, ते वंदनाबाईंना आता कळलं. निरोप नव्हता तो. त्या मागे लागलेल्या माणसाने विचारलं होतं, आणि त्यांनी परवानगी दिली होती.

शेजारच्या कौतिकबाई मूळच्या दापोऱ्याच्या, फटकळ. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मंग त्याला 'जा' म्हन ना वं बाई. पुन्हा विचारलं की सरळ 'जा' म्हन. जीभ थोडीच झडून राहिली?"

चार दिवस वंदनाबाईंनी तो शब्द घोकला. भांडी घासताना, केर काढताना, जा... जा... जा. घरात कुणाला कधी न म्हटलेला शब्द त्यांच्या तोंडाला कडू लागायचा.

पाचव्या दिवशी चारला त्या ओसरीचं दार लावून आत बसल्या होत्या. कानाला फोन, गौरव खुशीत. "आई, उद्या सगळ्यात मोठा उतार आहे. एकदम नदीच्या कडेने, कठडा नाही. तेवढा झाला की समज ट्रिप संपली."

ओसरीत खट् आवाज झाला.

दाराच्या फटीतून वास आला. तापीच्या गाळाचा वास त्यांना ओळखीचा होता. हा तो नव्हता. थंड दगडाचा, भिजलेल्या लोकरीचा वास होता हा. पायांखालची फरशी गार पडली.

"आई, येऊ का?"

"आई... येऊ का?"

दोन्हीकडून तोच आवाज, तोच हेल. वंदनाबाईंच्या ओठांवर शब्द तयार होता. पण फोनमधला कोणता आणि दाराबाहेरचा कोणता? त्यांनी फोन कानावर घट्ट दाबला, तरी कळेना. चुकून पोराला 'जा' म्हटलं तर? उद्या तो उतार, बाजूला कठडा नाही... त्यांना रडू फुटलं.

"ये," त्या म्हणाल्या. "ये रे बाबा. ये."

फोन बंद झाला. दाराची कडी हळूच वर सरकली.

गौरव उतार सुखरूप उतरला. चोवीस तारखेला तो घरी येणार आहे. वंदनाबाई हल्ली दोन पोळ्या जास्त लाटतात आणि ताट गौरवच्या खोलीबाहेर ठेवतात. खोली आतून बंद असते. काल फोनवर गौरवने विचारलं, "माझी खोली झाडून ठेवली ना?" त्या कशाबशा हो म्हणाल्या. मनात आलं, आत्ताच सांगावं, बाळा, इंदूरलाच राहा, इकडे येऊ नको. त्यांनी तोंड उघडलंही.

"चल आई, येऊ का?"

बंद खोलीतून, हुबेहूब वंदनाबाईंच्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "ये."