ब्लोअर बंद केल्यावर

दार लोटून घ्या आणि जवळ सरका, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. ज्याच्यावर हे गुदरलं, त्याच्याबरोबर मी अकरा वर्षं एकाच गाडीतून कामं केली. घरं गरम-गार ठेवणाऱ्या यंत्रांचा मिस्तरी. काम करताना मोटरीशी गप्पा मारायचा, "काय गं, आज का रुसलीस?" असं, म्हणून आम्ही त्याला बोलका म्हणायचो. त्याची बायको म्हणायची, याचे सगळे शब्द मोटरीच संपवतात, मला काही उरत नाही.

तर जानेवारीची सोळा तारीख, गुरुवार. रात्री साडेनऊला बोलका जेवून हात धूत होता, तेवढ्यात फोन वाजला. गावाबाहेरच्या वळणावर एक दुमजली घर होतं, त्या घरचा मास्तर. शाळेत गणित शिकवायचा.

"दादा, ब्लोअर पुन्हा बंद पडलाय. बाहेर उणे नऊ आहे. रात्रीत पाणी गोठून नळ फुटतील."

'पुन्हा' म्हटल्यावर बोलका चरकला. त्या घरात एप्रिलमध्ये त्यानेच नवी मोटर बसवली होती. नोव्हेंबरमध्ये दुसरी. ब्लोअरची मोटर बारा-पंधरा वर्षं कुरकुर करत नाही, आणि इथे वर्ष पुरं व्हायच्या आत तिसरीची वेळ आली होती. गाडीत एक मोटर होती. ती आहे याची खात्री करून तो निघाला.

मास्तरने ओव्हरकोट घालूनच दार उघडलं. मागे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्याची बायको शाल लपेटून बसली होती.

"एवढ्या रात्री कशाला त्रास दिलास यांना?" ती नवऱ्याला म्हणाली. मग बोलक्याकडे वळून, "दादा, सकाळी आलात तरी चालेल."

"सकाळपर्यंत घराचा बर्फ होईल, ताई."

तिने मान फिरवली.

भट्टी तळघरात होती. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, भट्टी हवा तापवते, पण तापलेली हवा आपल्या पायांनी कुठे जात नाही. तिला खोल्याखोल्यांत पोचवतो तो ब्लोअर. पत्र्याच्या पेटीत पिंजऱ्यासारखं एक चाक, आणि ते फिरवणारी मोटर. बिचारी स्वतः ना तापवते, ना गार करते. एका डक्टने, म्हणजे पत्र्याच्या रुंद नळाने, घराला हवा देते, दुसऱ्या डक्टने घरभरची हवा परत ओढून घेते. घरातल्या सगळ्यांचा श्वास तिच्या पोटातून जातो म्हणा ना.

बोलक्याने पेटी उघडली. फिल्टर स्वच्छ. चाक बोटाने ढकललं तर गरगर फिरलं. बेअरिंग ठीक. फक्त मोटरीच्या मागची सर्किटची पट्टी जळून काळी झाली होती, एप्रिलमध्ये झाली होती तशीच. वीज सारखी तोडून जोडली की असं होतं.

"मास्तर, हा भिंतीवरचा खटका कोणी बंद-चालू करतं का?"

मास्तरने आधी जिन्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "ती करते. रात्रभर. घर फार गारठलं की दहा मिनिटं चालू, मग पुन्हा बंद."

"कशासाठी?"

"तिलाच विचारा. मला नाही सांगता येणार."

बोलक्याने पुढे विचारलं नाही. मोटर बसवली, तारा जोडल्या, अकराला पाच कमी असताना खटका दाबला. ब्लोअर घुमू लागला. डक्ट जिथे खोलीत उघडतो त्या जाळ्यांमधून हवा नीट येते का ते बघायला तो एकेक खोली फिरत वर गेला. वरच्या मजल्यावर तीन दारं. दोन उघडी. तिसरं बंद, आणि त्या बंद दाराबाहेर जमिनीवर एक गादी, एक उशी, एक घड्याळ. मास्तरीणबाई तिथे बसल्या होत्या.

"झालं काम?"

"हो ताई. या खोलीतली जाळी तेवढी बघतो."

"ती मी बंद करून ठेवलीय. दार उघडायचं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. बोलका तिथेच भिंतीला टेकून बसला. अशा वेळी त्याला बरोबर कळायचं, कधी बोलू नये ते.

मग तिनेच सांगितलं. खोली चिमीची. सहा वर्षांची होती. छातीत कफ व्हायचा, थंडीत जास्तच. गेल्या फेब्रुवारीत एका रात्री तिला धाप लागली, औषधाने उतरली, ती झोपली. आई उशाशी बसली. ब्लोअरच्या आवाजात लेकीचा श्वास ऐकू येईना, म्हणून ती खाली गेली आणि ब्लोअर बंद करून आली.

"पाच मिनिटांसाठी केला होता, दादा. तीन रात्रींची जागी होते मी. डोळा लागला. साडेचारला जाग आली तेव्हा खोली गार पडली होती. आणि ती…"

बोलक्याने मान खाली घातली.

"डॉक्टर म्हणाले, थंडीने नाही झालं. कशानेही झालंच असतं. सगळे तेच म्हणतात." तिने शाल घट्ट ओढली. "तेरा दिवस झाल्यावर मी इथे येऊन झोपले. ब्लोअर बंद होता. तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं."

"काय?"

ती उठली. खाली गेली. तळघरात खटका पडला. घुमणं विरत गेलं. घर गप्प झालं.

ती परत आली, गादीवर बसली. बोटाने दाराकडे खूण केली.

पत्र्यातून टक… टक… असं वाजलं. बोलका म्हणाला, "डक्ट गार होताना वाजतो, ताई."

"तो पत्रा. मला माहितीय. थांबा."

ते थांबले.

आधी काहीच नव्हतं. मग दाराच्या फटीशी… अगदी बारीक. आत. बाहेर. आत. बाहेर. शेवटी किंचित शीळ. कफ झालेलं मूल झोपेत घेतं, तसा श्वास.

बोलक्याने हात भिंतीवर टेकला. वाऱ्याचा असेल म्हणावं, तर वाऱ्याला अशी लय नसते. आणि श्वास मध्येच अडखळत होता. दात वाजावेत तसा.

त्याच्या तोंडून निघून गेलं. म्हणे, मला बोलायचं नव्हतं, निघून गेलं.

"ताई… मग ती इतके महिने गारठ्यातच आहे का?"

बाईने त्याच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्याबद्दल बोलका मला कधीच काही सांगू शकला नाही. इतका बोलका माणूस.

ती उठली. पदराच्या टोकाची गाठ सोडली, किल्ली काढली, दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. गारठा असा, की नाकाला झोंबला. खिडकीला आतून कडी. छोटा पलंग. त्यावर निळी दुलई, उशीपर्यंत ओढलेली, एक सुरकुती नाही. बोलक्याने गुडघ्यावर बसून जाळीची खिटी सरकवली. बाईने दुलईला हात लावला नाही. बाहेर आली, ऊब आत राहावी म्हणून दार ओढून घेतलं, आणि खाली गेली. बोलका मागोमाग.

मास्तर तळघरातच उभा होता. बायकोने दार उघडलं हे त्याला न सांगता कळलं. तिने खटका दाबला. ब्लोअर घुमला. तिघंही तिथेच उभे राहिले. मास्तरने तिचा हात धरला होता, आणि ती त्या पेटीला कपाळ टेकून रडत होती. वर्षाचं रडणं.

बारा वाजून वीस मिनिटांनी तिने स्वतःच खटका बंद केला.

ते वर गेले. दाराबाहेर उभे राहिले.

पत्रा वाजला. टक… टक…

मग काही नाही.

पाच मिनिटं. दहा. पंधरा. काही नाही…

"गेली," ती म्हणाली.

मास्तरने दार उघडलं. आतून ऊब आली, अंगावर. दिवा लावला.

तिघं होते घरात. तिघंही तळघरात होते. खिडकीची कडी तशीच होती, बोलक्याने स्वतः ओढून पाहिली.

पलंगावरची दुलई पायथ्याशी गोळा होऊन पडली होती. एक टोक खाली जमिनीवर लोळत होतं. झोपेत लाथाडावी तशी.

बाई बराच वेळ बघत राहिली.

"उकडलं तिला," म्हणाली.

दुलई तिने उचलली नाही. आजही तशीच आहे.